हार घातलेलं व्यंगचित्र

मी एक व्यंगचित्र बोलतोय. कागदाचाच जीव माझा, पण गेल्या महिन्यात तो पार टांगणीला लागला होता.

सोलापुरातल्या एका कॉलेजात संघप्रियानं मला काढलं. एम.ए.च्या प्रोजेक्टसाठी ती समाजशास्त्रातल्या मोठमोठ्या विचारवंतांची व्यंगचित्रं काढणार होती. पहिला मान एमिल दुर्खीम यांचा. कपाळ तिनं मैदानाएवढं केलं, नाक भलतंच फुगवलं, चष्मा पार नाकाच्या टोकाला आणला. खाली ठळक नाव घातलं आणि हौसेनं फ्रेमही केली.

विभागप्रमुख बिराजदार सर मात्र भडकले. "थोरामोठ्यांची टिंगल करतेस? फाडून टाक. नाहीतर प्रोजेक्टवर माझी सही विसर!"

सही नाही म्हणजे वर्ष गेलं. तरी तिच्यानं मला फाडवेना. तिनं गुपचूप मला विभागातल्या कपाटामागं सरकवलं.

मग विभागाचा कार्यक्रम आला. दुर्खीमांच्या फोटोला हार घालून सुरुवात व्हायची होती, आणि नेमकी सकाळी त्या फोटोची काच फुटली. शिपाई गुरुशांतमामा दुसरा फोटो शोधत सगळं उचकत सुटले. कपाटामागं मी सापडलो. त्यांनी नाव वाचलं, मला पुसलं आणि थेट स्टेजवर मांडलं.

तिसऱ्या रांगेत संघप्रिया बसली होती. मला बघताच तिचा चेहरा उतरला. अरे देवा, पोरीचं वर्ष घालवतोय मी! पळावं तर पाय कुठले?

बार्शीहून आलेले पाहुणे उठले. फोटोग्राफरकडं बघत त्यांनी मला हार घातला. प्राचार्यांनी कुंकू लावलं, तेही कॅमेऱ्याकडं बघतच. माझ्या एवढ्या मोठ्या नाकाकडं कुणाचं लक्षच नाही! सुटलो म्हणेपर्यंत बिराजदार सर हात जोडून वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

सभागृह रिकामं होताच त्यांनी हार बाजूला फेकला आणि मला फ्रेममधून ओढून काढलं. "सर, मी नाही ठेवलं हो हितं," संघप्रिया रडवेली झाली. सरांनी ऐकलं नाही. माझी कड टर्रकन फाटली.

"सर, थांबा!" गुरुशांतमामा धावले. "फाडू नका. पुजलंय की ते!"

"पुजलंय काय? टिंगल आहे ही!"

"असंल की. पर समद्यांनी हात जोडलं न्हाय का? आता ते देवावानीच."

सरांचा हात थांबला. वीस वर्षं ते वर्गात दुर्खीम शिकवत होते. वस्तू साधीच असते, माणसं एकत्र येऊन तिला पवित्र करतात, हे त्यांनी शंभरदा फळ्यावर लिहिलं असेल. त्यांनी माझी फाटलेली कड बोटानं सारखी केली. मग खाली बसले आणि हळूच म्हणाले, "संघप्रिया, प्रोजेक्ट आण."

सही झाली. मी आता विभागाच्या भिंतीवर आहे, कडेला चिकटपट्टी लावून. मामा रोज उदबत्ती लावतात. परीक्षेला जाणारी पोरं माझ्यापुढं डोळे मिटून उभी राहतात, चपला काढून.

अहो, डोळे उघडा की! माझं नाक बघा. आणि हसा एकदाचं!