मूळ अर्जदाराचे अकरा किलोमीटर

अकरातले चार किलोमीटर गेले. पण ते अजून गेलेलेच नाहीत असं धरून चालू. कारण रविवारी सकाळी सव्वादहाला वजनमापांची निरीक्षक इमारतीमागच्या अंगणात, बाबांच्या गाडीत बसून बटण दाबत होती आणि पडदा उजळून सांगत होता : बॅटरीवर ११, पेट्रोलवर ३४०.

"आहेत का?" जिन्याच्या दारातून आईने विचारलं.

"अकरा."

"चला," आई म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून दुसरीकडेच बघायला लागली.

तीनशेचाळीसशी कोणालाच देणंघेणं नव्हतं. पेट्रोल काय, कुठल्याही पंपावर मिळतं. अकरा मात्र बाबांनी स्वतः भरले होते, उन्हातून, रोज थोडे थोडे, आठ महिन्यांपूर्वीच्या एका बुधवारपर्यंत. गुरुवारी बाबा गेले. अकरा राहिले.

बाबा नकाशा खात्यात आरेखक होते. उभा जन्म दुसऱ्यांचे रस्ते काढण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही अर्धी विजेवर, अर्धी पेट्रोलवर चालणारी गाडी घेतली. घेऊन झाल्यावर लक्षात आलं की अंगणात प्लग नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायला मनाई आहे. मग त्यांनी चार घडीची सौर पॅनेलं आणली. घडी केली की शाळेच्या दप्तराएवढी, उलगडली की सतरंजीएवढी. पॅनेलांची वायर एका बॅटरीच्या पेटीत आणि पेटीची गाडीत. दिवसभर राबलं की दोन किलोमीटर जाण्याइतकी वीज जमायची.

"त्यापेक्षा चालत गेलात तर अर्ध्या तासात पोचाल," आई म्हणायची.

"मी पोचेन गं. पण गाडी कशी पोचेल?" बाबा विचारायचे. याला घरात अजून कोणी उत्तर दिलेलं नव्हतं.

उन्हाचे किलोमीटर कामाला वापरायचे नाहीत, हा बाबांचा नियम. किराणा, दवाखाना, नातेवाइकांचं येणंजाणं, सगळं पेट्रोलवर. ऊन फक्त खाणीच्या तळ्यासाठी. जाऊन-येऊन बरोबर अकरा. सहा दिवस पॅनेलं फिरवायची आणि सातव्या दिवशी तळ्याच्या काठी गाडीतच बसून थर्मासमधला चहा प्यायचा. निरीक्षक सुट्टीला आली की मागच्या सीटवर असायची, मांडीवर थर्मास. येताना उतार लागला की बाबा आवाज न करता हसायचे. उतारावर वीज उलटी बॅटरीत जमते, याचं त्यांना शेवटपर्यंत अप्रूप होतं. "बघ तोळा, रस्त्याने सुटे परत दिले," म्हणायचे. वजनमापाच्या खात्यात लागल्यापासून घरात तिचं नाव तोळा पडलं होतं.

एकच अडचण होती. साडेअकराला समोरच्या इमारतीची सावली अंगणात यायची आणि एक वाजेपर्यंत हलायची नाही. बाबा भांडखोर नव्हते. त्यांनी त्या इमारतीच्या चिटणिसांना अर्ज केला : सदर इमारत रोज दीड तास चार फूट डावीकडे सरकवावी, नंतर पूर्ववत ठेवावी. असे सात अर्ज केले. चौथ्यावर 'मिळाले' असा शिक्का पडून आला, तेव्हा दोन दिवस बाबांच्या चालण्यात असा काही रुबाब होता की बघणाऱ्याला वाटावं, इमारत निम्मी सरकलीच.

आता गाडी विकायची होती. शेजारणीने फोनवर सांगितलं होतं, "तुझी आई रोज गाडीपाशी असते गं. काळवंडली आहे. कंबर धरून चालते." निरीक्षकेने ओळखलं, आई गाडीजवळ बसून झुरते आहे. तिने आईला विचारलं आणि आई "बरं" म्हणाली. एवढ्यावर ठरलं.

गिऱ्हाईक म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. बावन्नाव्या वर्षी बाबांना गाडी शिकवण्याचा पराक्रम त्यांचाच. साडेदहाला ते आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टायरला लाथ मारली.

"मास्तर, हे बटण दाबलंय. आता ही फक्त पेट्रोलवर चालेल. बॅटरीला हात लावायचा नाही," निरीक्षक म्हणाली.

"नाही लावत."

"मी येते बरोबर."

"मुळीच नाही. मालक शेजारी असला की गाडी खोटं बोलते."

मास्तर गेले. मायलेकी पायरीवर बसल्या.

"आई, तुला बरं वाटेल आता. ही जागा मोकळी झाली की."

"तुला वाटतंय ना बरं? मग झालं," आई म्हणाली. फरशीवरच्या एका पांढऱ्या खुणेवर तिने पायाचा अंगठा ठेवला आणि काढला.

मास्तर परत आले ते खुशीत. "पाण्यासारखी चालते! घेतली मी."

निरीक्षकेने दार उघडून आधी पडदा बघितला. बॅटरीवर ७.

"मास्तर, बटण?"

"नाही लावला हात. शपथ! वाटेत तीन-चार सिग्नल लागले तेवढेच."

"सिग्नलला काय केलंत?"

"बंद केली. चाळीस वर्षं पोरांना तेच शिकवतोय, सिग्नलला गाडी बंद."

"आणि परत चालू केल्यावर बटण परत दाबलंत?"

"परत दाबायचं असतं?"

निरीक्षकेने पर्समधून रुमाल काढला आणि पडदा पुसला. सात ही धूळ असती तर निघाली असती, इतक्या जोरात पुसला. दोन ग्रॅमने चुकलेल्या काट्यापायी तिने भरल्या बाजारात दुकान बंद केलं होतं आणि डोळ्याची पापणी लवू दिली नव्हती. आता मात्र रुमाल पडद्यावरून निघेना.

"चार गेले," ती म्हणाली. "बाबांचे चार."

मास्तर आपल्या चपलांकडे बघू लागले.

"मंगळवार संध्याकाळपर्यंत होतील अकरा," आई म्हणाली. "आभाळ नसलं तर."

"काय होतील?"

"अकरा. रोजचे दोन धर." आई उठली, कंबर धरून जिन्याखाली गेली आणि कोपऱ्यातली सतरंजी ओढली. मागे चारही पॅनेलं नीट घडी करून उभी होती. एकावरही धूळ नव्हती.

"पहिल्या महिन्यात आलीस तेव्हा दहा झाले होते," आई म्हणाली. "गाडी नुसती उभी राहिली तरी झिरपतं म्हणे. तू ताटावरून उठलीस. मग दुसऱ्या दिवशी मी पाट्या बाहेर काढल्या. कुठे किती वाजता ठेवायच्या, ते तुझ्या बाबांनी फरशीवर रंगाने लिहूनच ठेवलंय. आरेखकाची बायको आहे मी, खुणा वाचता येतात मला."

"आठ महिने?"

"तूच काटे तपासतेस ना गं? दहाचे परत अकरा झाले, मग इतके महिने आकडा तसूभर हलला नाही, आणि तुला शंका नाही आली?"

निरीक्षकेने पडद्याकडे परत एकदा बघितलं. "म्हणजे हे बाबांचे नव्हतेच?"

आईने जरा विचार केला.

"एखादा असेल. अगदी खाली, तळाला."

निरीक्षकेने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

"मग विकायला हो का म्हणालीस?"

"तुला त्रास होतो म्हणून."

"अगं, मी तुला त्रास होतो म्हणून विकत होते!"

मास्तर खाकरले. "मग मी गाडी न्यायला कधी येऊ, वहिनी?"

"बुधवारी या," निरीक्षकच म्हणाली. मास्तरांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि सुटकेचा श्वास टाकून निघून गेले.

"कुठल्या बुधवारी ते नाही सांगितलंस," आई म्हणाली.

"त्यांनी कुठे विचारलं?"

सोमवारी निरीक्षकेने कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण : स्थळतपासणी. आई पायरीवर बसून हुकूम सोडत होती, "अजून वीतभर पुढे. वीतभर गं, हात नव्हे! दुकानदारांची कशी काय मापं तपासतेस?" आणि ती पॅनेलं एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर नेत होती. साडेअकराला सावली आली. नेमकी, वक्तशीर, जराही न लाजता. मग निरीक्षक वर गेली आणि बाबांची अर्जांची फाइल घेऊन आली.

"चार फूट पुरत नाहीत," आई म्हणाली. "पाच लिही."

तिने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं :

*प्रति, मा. चिटणीस, समोरची इमारत.*

*विषय : इमारत डावीकडे सरकवण्याबाबत (अर्ज क्र. ८).*

*महोदय, यापूर्वीच्या सात अर्जांवर आपल्याकडून कार्यवाही झाल्याचे दिसून येत नाही. मूळ अर्जदार मध्यंतरी हयात नसल्याने पाठपुरावा राहून गेला, त्याबद्दल दिलगिरी आहे. तरी उद्या, मंगळवारी, सकाळी साडेअकरा ते एक या वेळेत सदर इमारत पाच फूट डावीकडे घेण्यात यावी. तसेच, सायंकाळी खाणीच्या तळ्यापर्यंत जाऊन येण्याचे योजले असून गाडीत एक जागा रिकामी आहे. त्या कामी मूळ अर्जदारास फक्त अर्धा दिवस हजर राहण्याची मुभा मिळावी, ही नम्र विनंती.*