नैऋत्येची भिंत आणि माझी पाठ

मित्रांनो, या घरात मला कपाट म्हणतात. म्हणोत बापडे. मला घडवणारा दगडू मात्र अलमारीच म्हणायचा, आणि तेच मला शोभतं. मोहने गावात पत्र्याच्या शेडमध्ये त्याने मला ठोकून ठोकून उभी केली. जाड पत्रा, पितळी मूठ, दारावर आरसा. आताची भुशाची कपाटं पाणी लागलं की फुगतात. मी त्यांतली नव्हे.

मला टेम्पोत चढवताना दगडू म्हणाला होता, "भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. मागून वारा फिरू द्या."

ऐकलं कोणी? कळव्याच्या घरी सरोजआजींनी मला झोपायच्या खोलीत, नैऋत्येच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलं. जड वस्तू नैऋत्येला असली की लक्ष्मी टिकते, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. आपल्याकडे पाऊसही तिकडूनच झोडपतो, हे त्या शहाण्याला ठाऊक नसावं.

भिंत दर पावसाळ्यात पाणी पीत राहिली. माझ्या पाठीमागे काळी बुरशी चढली. मला कळत होतं. पण दिवाळीला दारावर स्वस्तिक निघायचं, हळदकुंकू लागायचं. मान मिळतो तेव्हा पाठीकडे कोण बघतं? रंगारीसुद्धा मला न हलवता कडेकडेने ब्रश फिरवून जायचा.

मग त्या खोलीत आजींची नात श्रिया झोपू लागली आणि खोकू लागली. सात वर्षांची पोर, जिना चढताना धापा टाकायची. सून भावनाने धूप बंद केला, डासांची कॉइल फेकली, उशी बदलली, पडदे धुतले. थोडा फरक पडला, पण खोकला गेला नाही. नौपाड्याच्या डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला आणि विचारलं, "घरात ओल आहे का?"

आजी फणकारल्या, "आमच्याकडे ओल? दर दिवाळीला रंग देतो आम्ही."

सुट्टीत मामाकडे श्रिया एकदाही खोकली नाही. परत आली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

"आई, खोलीतच काहीतरी आहे. कपाट हलवून बघू या," भावना म्हणाली.

"लक्ष्मी हलवतात का गं? काहीतरीच तुझं."

मी गप्प. तेलासाठी बिजागरी कुरकुरवणारी मी, तेव्हा मात्र हूं की चूं केलं नाही.

एका रविवारी श्रियाचं खोडरबर माझ्यामागे पडलं. तिने फटीत पट्टी घातली. पट्टी काळी होऊन बाहेर आली. "आजी, हे काय गं?"

आजींनी पट्टी नाकाशी नेली. कुबट वास. त्यांनी फटीत डोकावून पाहिलं. मग पदर खोचला. "भावना, पोरीला शेजारी सोडून ये. रत्नदीप, तू तिकडून धर."

लेक बिचकला. "पण आई, लक्ष्मी..."

"लक्ष्मी खोकतेय माझी. उचल."

माझी पाठ सगळ्यांनी पाहिली. आरसा तडकला असता तर बरं, असं वाटलं मला.

बाहेरची भेग बुजवली, प्लास्टर नवं केलं, भिंत वाळू दिली. आता मी दुसऱ्या भिंतीशी आहे, वीतभर सोडून. श्रियाचा पंप दप्तरात असतो, पण हल्ली काढावा लागत नाही. ती माझ्या आरशात बघून वेणी घालते, माझ्या मुठीला रिबिनी बांधते. तिचा राग नाही माझ्यावर. तेच बोचतं.

मित्रांनो, घरात कुणी खोकत असेल, तर ज्या वस्तूला तुम्ही हळदकुंकू लावता, तिच्या मागेही एकदा हात घालून बघा. ती आपणहून सांगणार नाही. मी कुठे सांगितलं?