उसना गडी

आमच्या गावचा क्लब आणि पलीकडच्या गावचा क्लब यांचा सामना एक रविवार आड ठरलेला असायचा. ढाल नाही, बक्षीस नाही. हरणाऱ्यांनी चहा पाजायचा, एवढीच बोली. सगळे कामधंद्याचे लोक, त्यामुळे दोन्हीकडचे अकराच्या अकरा वेळेवर जमले असं वर्षातून दोनदा घडलं तरी पुष्कळ. म्हणून एक रीत पडली होती. ज्यांचा माणूस कमी असेल, त्यांना चेंडू अडवायला समोरच्यांनी आपला एक जण द्यायचा. त्याला आम्ही उसना गडी म्हणायचो. वहीत बाकीच्यांची नावं शाईने लिहायची, उसन्या गड्याचं पेन्सिलीने.

वही माझ्याकडे असे. शाळेतून आणलेलं टेबल, त्याच्या आखूड पायाखाली दादाने ठोकलेली लाकडी चकती, आणि वही उडू नये म्हणून वर ठेवलेली माझी कात्री. बाबा घड्याळं दुरुस्त करत आणि रविवारी पंच म्हणून उभे राहत. चेंडू मोजायला त्यांच्या खिशात घड्याळाच्या सहा जुन्या चाव्या असायच्या. चेंडू पडला की एक चावी उजव्या खिशातून डाव्या खिशात. त्यांनी खूण केली की ती वहीत लिहून मी हात वर करायचा. माझा हात वर झाल्याशिवाय पुढचा चेंडू पडत नसे. घरात माझं कुणी फारसं ऐकायचं नाही, पण मैदानात बावीस पुरुष माझ्या हाताकडे बघत थांबायचे.

मला दोन भाऊ. थोरला दादा, सुतार. मधला माझ्याहून दीड वर्षाने मोठा. त्याला सगळे एकटप्पी म्हणायचे. कितीही लांबून फेकलं तरी त्याचा चेंडू जमिनीला समांतर यायचा आणि बरोबर एक टप्पा घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात बसायचा. आईसुद्धा त्याला त्याच नावाने जेवायला हाक मारायची.

मैदानाच्या उत्तरेला कमरेएवढी दगडी भिंत होती आणि भिंतीपलीकडे बंद पडलेली दगडाची खाण, पाण्याने भरलेली. एका वर्षी दादाने मारलेला एक चेंडू भिंतीवरून गेला. एकटप्पी तेव्हा त्याच बाजूला उसना गडी म्हणून उभा होता. चेंडू आणायला तो हसत भिंतीवरून उतरला. आम्ही वाट पाहत बसलो. कुणी म्हणालं, "चेंडू आणायला गेलाय का शिवायला?" सगळे हसले. दुसऱ्यांदा कुणीतरी तेच म्हणालं, तेव्हा कुणी हसलं नाही.

तीन दिवस शोधलं. तो सापडला नाही.

त्यानंतर गावाने भिंत पुरुषभर उंच केली आणि दोन्ही क्लबांनी मिळून नियम केला. चेंडू भिंतीपलीकडे गेला की गेला, मारणारा बाद, आणायला कुणी जायचं नाही. दादाने वर्षभर बॅट हातात धरली नाही. संध्याकाळी काम आटोपलं की तो भिंतीशी जाऊन उभा राहायचा. आई मला म्हणायची, "त्याच्या मागे जा गं. एक गेला, हा तरी राहू दे." मी जायची. तो म्हणायचा, "सापडला नाही म्हणजे गेला असं थोडंच आहे?" मी त्याला हाताला धरून घरी आणायची.

वर्षाने बाबांनीच त्याला खेळायला लावलं. त्या दिवशी पाहुणे दहाच आले होते. त्यांचा कप्तान पाव भाजणारा, गोल पोटाचा, भला माणूस. तो म्हणाला, "आमचा अकरावा सासऱ्याच्या तावडीत सापडलाय. एक गडी द्या."

"जा रे कुणीतरी," दादा आमच्या पोरांना म्हणाला आणि पायाला पॅड बांधायला बसला.

कोण जातंय ते कळल्यावर लिहावं म्हणून मी अकरावी ओळ मोकळी ठेवली. खेळ सुरू झाला. आमचे लोक एकेक करून बाद होत गेले. मधेच मी नाव विचारायला मान वर केली आणि चेंडू अडवायला उभी असलेली माणसं मोजली. अकरा होती. अकरावा भिंतीच्या सावलीत उभा होता, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. मग मी बाकावर बसलेले आमचे लोक मोजले. दोघे खेळत होते, नऊ बाकावर. आमचा एकही जण कमी नव्हता.

मी पुन्हा मोजलं. चुकले असेन असं वाटून बोटांवर मोजलं. तेवढीच भरली.

तेव्हा दादा खेळत होता. पाहुण्यांतल्या न्हाव्याने टाकलेला चेंडू आखूड पडला आणि दादाने तो सगळ्या अंगानिशी उचलला. चेंडू भिंतीवरून गेला. पाण्यात पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

सगळे होते तिथेच थांबले. नियमाप्रमाणे दादा बाद होता. त्याने बॅट काखेत घेतली, दोन पावलं टाकली. आणि चेंडू परत आला.

भिंतीच्या माथ्याला जवळजवळ घासून आला, खाली खाली, एक टप्पा घेतला आणि यष्टिरक्षकाच्या हातात बसला. त्याने ग्लोव्हज झटकले. पाणी उडालं.

 मग पाववाला म्हणाला, "भिंतीपलीकडे गेला होता. बाद."

"गेला तर गेला, असा नियम आहे," दादा म्हणाला. "हा गेला कुठे? हा परत आलाय."

"अरे, तुमच्याच उसन्या गड्याने फेकला असेल. पोरगा पलीकडे उतरला असणार."

"आमचा कोण? आमचे सगळे बाकावर आहेत." दादाचा आवाज एकदम लहान झाला. "बाबा, मी बाद नाही. कुणीतरी तो अडवलाय. मी बघून येतो."

त्याने बॅट खाली ठेवली. पॅड बांधलेल्या पायांनी तो भिंतीकडे निघाला. घाईत नव्हता. घरी निघालेल्या माणसासारखा चालला होता. भिंत उंच होती, पण दादा तिच्याहून उंच भिंती रोज चढायचा.

"थांब," बाबा म्हणाले.

बाबांनी यष्टिरक्षकाकडून चेंडू घेतला. ते प्रत्येक नव्या चेंडूवर सुईने बारीक आकडा कोरत असत. डोळ्याला भिंग लावायची त्यांची सवय. भिंग नसतानाही त्यांनी एक डोळा बारीक केला, चेंडू फिरवून पाहिला आणि खिशात टाकला. दुसऱ्या खिशातून दुसरा काढला. मग ते टेबलाकडे वळले. वाद झाला की वही सांगेल ते खरं, हीसुद्धा आमची रीतच.

"वहीत पाहुणे किती?" त्यांनी विचारलं.

दादा अर्ध्या वाटेत माझ्याकडे वळून उभा होता. त्याच्या मागे, भिंतीच्या अलीकडे, तो पांढरा सदरा परत येऊन उभा राहिला होता. तोही माझ्याकडे बघत होता. त्याने हात कमरेवर ठेवले होते. पुढचा चेंडू पडायची वाट बघताना एकटप्पी ठेवायचा तसेच. मी अकरा म्हटलं असतं तर दादा भिंत चढला असता. पलीकडे पाण्याशिवाय काहीही नव्हतं.

"दहा," मी म्हटलं.

"मोजलेस?"

"दोनदा मोजले. दहाच आहेत."

बाबांनी बोट वर केलं. कुणीतरी म्हणालं, दगडावर आपटून परत आला असेल, खाणीत दगडांना काय तोटा. सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं. दादा परत फिरला. टेबलापाशी थांबून त्याने विचारलं, "तुला कुणी दिसलं नाही?"

"नाही."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, दादा."

मी मान खाली घालून त्याच्या नावापुढे 'बाद' लिहिलं. मान वर केली तेव्हा मैदानात पाहुणे खरोखरच दहा होते.

खेळ संपल्यावर पाववाला वहीवर सही करायला आला. कप ओठाला लावत म्हणाला, "तुमचा तो उसना गडी चहाला थांबला नाही वाटतं? हात काय सुंदर आहे हो त्याचा. पुढच्या खेपेलाही तोच द्या आम्हाला."

मी वही मिटली.

त्यानंतर साठ वर्षांत त्या भिंतीपलीकडे गेलेला एकही चेंडू परत आला नाही. बाबा गेल्यावर त्यांच्या अवजारांच्या खणात, स्प्रिंगांच्या डबीमागे, तो चेंडू मिळाला. कातडं फुगलेलं, शिवण उसवलेली. त्यावर सतरा आकडा होता. त्या रविवारी आम्ही तेविसाव्या चेंडूने खेळत होतो. सतरावा एकटप्पी आणायला गेला होता तो. बाबांनी एका डोळ्याने तो आकडा पाहिला आणि मगच मला वही विचारली होती. त्यांनाही दादा हवा होता.

दादाने पुढे लग्न केलं, तीन मुलं वाढवली, अर्ध्या गावाची दारं-खिडक्या केल्या. क्वचित, जेवता जेवता, तो मधेच विचारायचा, "खरंच दहा होते ना गं?" मी म्हणायची, "दहाच होते. वाढू का आणखी?" मागच्या वर्षी तो अंथरुणातच शांतपणे गेला, शहाऐंशी वर्षांचा होऊन. दिवस झाल्यावर मी ट्रंकेतून ती वही काढली. आता कुणी भिंत चढणार नव्हतं. अकराव्या ओळीत मी पेन्सिलीने एकटप्पीचं नाव लिहिलं. एवढ्या वर्षांत माझं अक्षर कापरं झालंय, पण वाचता येतं.

गेल्या रविवारी मैदानात गेले. आताची पोरं धावा फोनवर लिहितात, तरी मला खुर्ची देतात आणि माझी वही चालवून घेतात. भिंतीचा नियम अजून आहे, का आहे ते कुणाला माहीत नाही. ऊन कललं तेव्हा कुणीतरी चेंडू उंच मारला. तो भिंतीपलीकडे गेला. मारणारा स्वतःवरच चिडत निघाला होता.

चेंडू खाली खाली आला, एक टप्पा घेतला आणि यष्टिरक्षकाच्या हातात बसला. पोरगा ग्लोव्हजकडे बघत राहिला.

"तिकडे कोणाला उभं केलंय रे?"

"आम्ही कशाला करू? तुम्हीच दिलात ना एक?"

"आम्ही कुठे दिलाय?"

त्यांचा पंच, शाळेतला तरुण मास्तर, इकडे तिकडे बघत शेवटी माझ्याकडे आला. "आजी, तुमच्या वहीत किती आहेत बघा बरं."

मला बघायची गरज नव्हती. भिंतीच्या सावलीत तो कमरेवर हात ठेवून थांबला होता.

"अकरा," मी म्हटलं, आणि पुढचा चेंडू टाकता यावा म्हणून हात वर केला.