वाक्यात उपयोग करा

"या वाक्याला शून्य द्या, मॅडम." मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवली.

"का म्हणून? व्याकरण चोख, स्पेलिंग चोख. दोनपैकी दोन."

"हे पेपर फेरतपासणीला बाहेर जाणार आहेत. कळतंय ना तुम्हाला?"

न कळायला मी काय दूधखुळी आहे? नववीला 'हश अप' मीच शिकवलं होतं. बोभाटा होऊ न देता प्रकरण दाबून टाकणं. पुस्तकातलं उदाहरण कुठल्याशा मंत्र्याचं होतं. शाळेच्या लॅबमधल्या शिपाईमामांच्या मुलीनं इंग्रजीच्या पेपरात स्वतःचं लिहिलं: मोडक्या मांडणीबद्दल माझ्या वडिलांनी तीन अर्ज दिले, शाळेनं ते हश अप केले.

दोन महिन्यांपूर्वी ती मांडणी कोसळली. अ‍ॅसिडच्या बाटल्या फुटल्या, एका मुलीचा हात भाजला. चौकशीत ठरलं, मामांचा हलगर्जीपणा. बावीस वर्षांची नोकरी एका दुपारी गेली. अर्ज? कसले अर्ज? असे काही आलेच नव्हते म्हणे!

आले होते. दर वेळी मामा माझ्याकडेच यायचे. "मॅडम, तुम्हीच द्या लिहून. तुमच्या अक्षराला वजन आहे." तिन्ही मी लिहिले. आणि चौकशीच्या दिवशी मी मेली तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

"वाक्य खोटं आहे असं लिहून द्या, खाली सही करा," मी सरांना म्हणाले. "मग देते शून्य."

ते लालबुंद झाले. "रिटायर व्हायला एक वर्ष राहिलंय तुमचं. पेन्शन नकोय वाटतं?"

हवी होती. त्याच भीतीनं तर गप्प बसले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उत्तरपत्रिका उचलली आणि तडक वर्गावर गेले.

मामांच्या मुलीला उभं केलं. "वाच तुझं वाक्य."

तिनं माझ्याकडे पाहिलं. नजरेत आदर नव्हता, आणि का असावा? तिनं वाचलं.

"वाक्य बरोबर आहे," मी म्हणाले. "आणि खरं आहे. ते अर्ज मी लिहून दिले होते. चौकशीत बोलले नाही, कारण घाबरले. घ्या लिहून सगळ्यांनी."

बेचाळीस माना वह्यांवर वाकल्या. सर धापा टाकत दारात येऊन उभे राहिले. "मॅडम!"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, परत सांगा ना, माझं सुटलं."

मी परत सांगितलं. जरा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.