धुरी दिलेलं कोकरू

शाहमुरादने झुडपाखालून उचलून आणलेलं रानमेंढीचं कोकरू तंबूत ठेवलं आणि त्याची बायको गुलअंदाम हिने लगेच निखाऱ्यावर धुरीच्या इस्पंदाच्या बिया टाकल्या. घरात बाळ येवो की करडू, आधी दृष्ट काढायची, मग बाकीचं. बिया तडतडल्या. कोकरू धुराने पार माखून गेलं.

"पोरकं पडलं होतं बिचारं," शाहमुराद म्हणाला.

"पोरकं कसलं! ती बघा त्याची आई!"

कड्यावर रानमेंढी गळा फाडून ओरडत होती. गुलअंदामने कपाळाला हात लावला. चरायला जाताना रानमेंढी पिल्लू झुडपात दडवते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. "अहो, जन्म गेला तुमचा या डोंगरात! अक्कल कुठे चरायला गेली होती?"

कोकरू शेळीच्या दुधाला तोंड लावेना. बोटाने पाजलं तर तेही थुंकलं. आईने जवळ घेतलं नाही तर ते जगणार नव्हतं. दोघांनी त्याला परत झुडपात ठेवलं आणि वारा आपल्याकडे येईल अशा बेताने खडकाआड बसली. मेंढी उतरली, तिने हुंगलं, ती शिंकली आणि टक्कर मारून लेकराला लोळवून निघून गेली.

गुलअंदामने धावत जाऊन कोकराला हुंगलं. "धुराचा वास! मी मेलीने दृष्ट काढली न् लेकराला आईपासून तोडलं."

कळपातली मेंढी परकं पिल्लू घेईना, तर त्याला तिचाच वास चोळायचा. पण या रानमेंढीचा वास आणायचा कुठून? गुलअंदाम तडक उठली. कड्याखाली मेंढी बसायची तिथली ओली माती न् लेंड्या तिने ओंजळीने गोळा केल्या आणि कोकराच्या अंगभर चोळल्या.

शाहमुरादने नाक धरलं. "नवरी सजवतेस की काय?"

"मेंदी लावतेय समजा. आणि गप बसा."

दोघं परत खडकाआड दडली. मेंढी पुन्हा आली. तिने हुंगलं. पाय आपटला. परत हुंगलं. तेवढ्यात कोकरू धडपडत तिच्या पोटाखाली शिरलं, आणि त्याची शेपटी जी हलायला लागली, ती थांबेचना! मेंढी जागची हलली नाही.

"वा! ते तिकडे पितंय न् तू इकडे रडतेस," शाहमुराद कुजबुजला. त्याने स्वतःचं नाकही बाहीला पुसलं.

"हळू बोला ना," ती डोळे पुसत म्हणाली. "पोटभर पिऊ दे त्याला."