शून्यावरच्या आठ मात्रा

सरावखोलीत आरशाखाली जमिनीवर आकडे चिकटवलेले असतात. मधोमध शून्य, मग दोन्ही बाजूंना एक, दोन, तीन. चौघींच्या गाण्या-नाचाच्या गटातली मी-रू सहा वर्षं डाव्या तीनवर उभी होती. शून्यावर हे-इन, कारण हे-इनचा चेहरा कॅमेऱ्याला आवडतो. गळा एकीचा, चेहरा दुसरीचा. कंपनीने दोन मुली जोडून एक गायिका शिवली होती आणि त्याची कुणालाच लाज वाटत नव्हती.

नव्या गाण्यातल्या सगळ्यात वरच्या सुरासाठी नृत्यमास्तर प्योने कल्पना काढली. बाकी तिघींच्या हातांवर हे-इनने मागे कमान करायची, केस जमिनीला लागेपर्यंत. नेमका तेव्हाच तो सूर.

"मास्तर, असं उलटं टांगलं तर कोंबडासुद्धा आरवणार नाही," मी-रू म्हणाली.

"तिला कुठे गायचंय? तू रेकॉर्ड कर, ती ओठ हलवेल."

"आणि ट्रेडमिलवर पळत पळत कर," संचालक कुक म्हणाले. "धाप ऐकू आली की लोकांना खरं वाटतं."

मी-रू पळत गायली. सुराआधी तिने एक मोठा श्वास घेतला आणि त्याला लागूनच एक चिमुकला, उचकीसारखा. रेकॉर्डिंगमध्ये तोही ठेवला. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे-इन ती उचकीसुद्धा ओठांनी हुबेहूब करायला लागली.

एका गुरुवारी दुपारी टीव्हीवरच्या कार्यक्रमात चौघी सहा वर्षांत पहिल्यांदाच पहिल्या आल्या. चंदेरी कागद उडाले, हे-इनच्या हातात ट्रॉफी आली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पहिल्या आलेल्यांना तेच गाणं पुन्हा म्हणावं लागतं. नाच नाही, रेकॉर्ड केलेला आवाज बंद, मागे नुसती वाद्यं. लोक तेवढाच तुकडा कापून घेतात आणि कुणाला गाता येतं, कुणाला नाही, याचा निवाडा करतात.

मंचाच्या कडेला उभे असलेले कुक डोळ्याखालून गालावर बोट ओढून दाखवत होते. रड. रडणाऱ्या पोरीकडे सूर कुणी मागत नाही.

"ताई, तू मागून म्हण ना," हे-इन माईक झाकून कुजबुजली. "मी रडते, माईक तोंडाशी धरते. कळणार नाही कुणाला."

"रड खुशाल. पण माईक खाली घे."

"ताई, मला खाऊन टाकतील गं!"

"मला सहा वर्षं खातायत. चव कशी आहे, कुणी विचारलं?"

सूर जवळ आला. हे-इन खरंच रडत होती. तिने मी-रूकडे पाहिलं आणि माईक खाली घेतला. मी-रू दोन पावलं पुढे आली. एक मोठा श्वास, एक चिमुकला, आणि सूर. शेवटाला जरासा चिरला. चिरू दे, आपलाच आहे.

तासाभरात हे-इनचे चाहते मी-रूला चोर म्हणू लागले. सूर हे-इनचा, हिने हिसकावला म्हणे! संध्याकाळी कुणीतरी इंटरनेटवर दोन आवाज शेजारी शेजारी लावले, मंचावरचा आणि रेकॉर्डवरचा. सुराचं काय, तो शंभरजणींचा सारखा लागेल. पण ती उचकी?

दुसऱ्या दिवशी सरावखोलीत कुक गरजले, "म्हटलंस ते म्हटलंस. तोच श्वास कशाला घेतलास?"

"साहेब, माझ्याकडे एकच आहे."

"आज नवीन रेकॉर्डिंग. श्वास कापून."

"करणार नाही. त्या आठ मात्रा मी शून्यावर उभी राहून गाईन."

"तुझा करार संपायला वर्षही उरलं नाही. पुढे विचारील का कुणी?"

"मग आठच मात्रा मागतेय, जास्त कुठे?"

कुकनी प्योकडे पाहिलं. प्यो आरशाकडे पाहत राहिला. त्याची लाडकी कमान मोडणार होती.

हे-इन भिंतीला टेकून बसली होती. ती उठली आणि डाव्या तीनवर जाऊन उभी राहिली. "मास्तर, कमान इथे करते. दोघींनीच धरलं तरी तोल सांभाळीन मी," ती म्हणाली. "तोंड मिटून."

"तिथून कॅमेऱ्यात अर्धीच दिसशील," कुक म्हणाले.

"ताई दिसायची तेवढी."

कुक दार आपटून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. प्योने गाणं मागे नेलं. मी-रू शून्यावर आली. आकडा हे-इनच्या बुटांनी घासून निम्मा पुसला होता. तिने त्यावर पाय ठेवले आणि मात्रा मोजायला सुरुवात केली.