मूळ कागद

वळ गावातल्या एका गोदामाच्या पोटमाळ्यावर उन्नतीची नोकरी होती. खाली चादरींचं पॅकिंग चाले, दिवसभर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येई, आणि वर पत्र्याखाली बसून ती त्या चादरींबद्दल लिही. 'रजनीसूत' हे चादरींचं नाव. सूत किती मऊ, रंग किती पक्का, हे मराठीत आणि हिंदीत लिहायचं. शिवाय रोज सकाळी हजारो मोबाइलवर जाणारा निरोप असे. आज सवलतीचा शेवटचा दिवस, असा निरोप ती चौदा महिने रोज लिहीत होती.

एप्रिलमध्ये तिला ठाण्याच्या एका प्रकाशनातून पत्र आलं. लहान मुलांची पुस्तकं काढणारी माणसं होती. काम पसंत होतं, जागा ठरली होती. पंधरा मेपर्यंत दहावी, बारावी आणि पदवीचे मूळ कागद दाखवायचे आणि रुजू व्हायचं. झेरॉक्स चालणार नव्हती.

मूळ कागद कंपनीच्या लोखंडी कपाटात होते. नोकरीला लागताना सगळ्यांचेच घेत आणि दोन वर्षं ठेवून घेत. उन्नतीची दहा महिने बाकी होती.

नोकरीच्या पहिल्या दिवशी तिची आई कौसल्या मुद्दाम अंजूरच्या घरून बरोबर आली होती. साक्षीदार म्हणून आईचीही सही घेऊ, असं ऑफिसातली बाई म्हणाली आणि सवयीने अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं. कौसल्येने ते बाजूला सारलं. "सही येते मला," ती म्हणाली. मग पदर सावरून, कागदाचा कोपरा डाव्या हाताने दाबून तिने सावकाश पूर्ण नाव लिहिलं. मजकूर इंग्रजीत होता. तो उन्नतीला वाचता येत होता, पण ती आईच्या हाताकडेच बघत राहिली. तिने स्वतःची सही केली तीसुद्धा त्याच आनंदात. दोन वर्षं कागद कंपनीकडे राहतील आणि घरच्यांची त्याला संमती आहे, हे तिला तीन महिन्यांनी कळलं.

पत्र आल्यावर ती मार्केटिंगच्या दीपेश सरांना भेटली. दीपेश अंजूरचाच, शेतावर गोदामं उभी राहिलेल्या घरातला. वागायला वाईट नव्हता. आधी मदर्स डेचं काम होऊ दे, मग शेठना विचारतो, असं तो म्हणाला. याआधी तिने कागद मागितले तेव्हाही दिवाळीआधी तो दिवाळीचं नाव घेत होता, संक्रांतीला संक्रांतीचं. कागद हरवल्याची पोलिसात तक्रार देऊन दुसरे काढावेत, असं कुणीतरी सुचवलं. पण दुसरे यायला महिने लागले असते, आणि खोटी तक्रार करायची तिची छाती झाली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती त्या कपाटासमोरून जाई. किल्ली ऑफिसातल्या बाईंच्या कमरेला असे.

हे कौसल्येला कळलं तशी ती एका सकाळी रिक्षा करून एकटीच वळला आली. दीपेशच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सही माजी हाय. ती मी परत घ्यायला आले. पोरीचे कागद द्या."

दीपेशने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. सही अशी परत घेता येत नाही, हे त्याने गोडीने समजावलं. बोलता बोलता सहीचाच विषय निघाला. मावशी, तुम्ही शाळा किती शिकलात, असं त्याने विचारलं. कौसल्या म्हणाली की शाळा पाहिलीच नाही. पंचवीस वर्षं लूमवर सुताच्या कांड्या भरल्या, आणि चोपन्नाव्या वर्षी बुद्धविहारात बसून अक्षरं शिकली.

दीपेशने हातातला चहा खाली ठेवला. पलीकडे बसलेल्या उन्नतीने त्याचा चेहरा पाहिला आणि तिला पुढचं सगळं कळलं. चांगली ओळ सापडली की तिचाही चेहरा तसाच होत असे.

"उन्नती, एवढी स्टोरी घरात आहे आणि तू आम्हाला चादरीचा थ्रेड काउंट लिहून देतेस? मदर्स डे का काम हो गया अपना."

दुपारपर्यंत शेठचा होकार आला. मावशी जाहिरातीत आल्या तर कागद त्याच दिवशी परत. मजकूर अर्थातच उन्नती लिहील.

तिने तो खरा लिहिला. अंजूरच्या विहारात संघरत्नाबाई दुपारी बायकांना बसवत. स्वतः बालवाडीत शिकवून आलेल्या असत, तरी बसवत. कौसल्येची बोटं कांड्यांनी इतकी आखडली होती की पेन्सिल धरवत नसे. संघरत्नाबाईंनी पेन्सिलीला चिंधी गुंडाळून ती जाड केली, आणि चार महिने आपल्या हातात तिचा हात धरून गिरवून घेतलं.

दीपेशने वाचलं आणि खरोखर छान आहे म्हणाला. मग म्हणाला की माणसं जास्त झाली. मदर्स डेला आई आणि मुलगी पाहिजे, मध्ये बाई कशाला? हात मुलीनेच धरला असं कर, आणि चिंधी चादरीची कर.

उन्नतीने घरी जाऊन आईला सांगितलं की आपण हे करायचं नाही. दहा महिने असेच निघून जातील. कौसल्या भाकरी थापत होती.

"ठान्याची नोकरी दहा महिने थांबंल?"

उन्नतीने पिठाचा डबा उचलून जागेवर ठेवला.

"मंग लिही."

उन्नतीने लिहिलं. वीस मिनिटांत झालं. 'लूमवर झिजलेल्या आईचा हात लेकीनं धरला, जुन्या रजनीसूतची मऊ चिंधी पेन्सिलीला गुंडाळली.' पुन्हा वाचताना तिला त्यात एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

शूटिंग त्यांच्याच घरी झालं. दोन दिवे आले, खाटेवर नवी चादर आली. कॅमेरेवाल्याला भिंतीवरचे बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो नको होते. जरा न्यूट्रल ठेवू, तो म्हणाला आणि स्टुलावर चढू लागला.

"फोटो हलनार न्हाय," कौसल्या म्हणाली. "खाट हलवा."

खाट हलवली.

मग दीपेशने परवानगीचा कागद काढला. या वेळी मराठीत होता. कौसल्येने चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. दिवे तापत होते, माणसं घाम पुसत होती. वाचून दाखवतो मावशी, असं दीपेश दोनदा म्हणाला. तिने मान वर केली नाही. पाच वर्षं जाहिरात वापरता येईल. मजकुरात आवश्यक ते बदल करता येतील. तोवर जाहिरातीतल्या मजकुराच्या विरुद्ध आई किंवा मुलगी कुठेही काही बोलणार नाहीत.

"आवश्यक म्हंजे, कुनाला आवश्यक?" तिने विचारलं.

दीपेश हसला. "मावशी, तुम्हीच माझ्या जागेवर बसायला पाहिजे होतं."

ती हसली नाही. आधी पोरीचे कागद खाटेवर ठेव, म्हणाली. त्याने बॅगेतून फाइल काढली. कौसल्येने दहावीचा कागद वाचला, बारावीचा वाचला, पदवीचा इंग्रजी म्हणून उन्नतीला दाखवला. मग फाइल मांडीखाली सरकवली आणि सही केली. उन्नतीलाही करावी लागली.

ती ओळ कौसल्येने नऊ वेळा म्हटली. दर वेळी 'लेकीनं'च्या आधी ती अडखळत होती. दीपेशला तेच आवडलं. खऱ्या आईसारखं वाटतं, असं तो म्हणाला, आणि अडखळलेलंच ठेवलं.

मदर्स डेच्या आठवड्यात ती जाहिरात कौसल्येच्या नावासकट लोकांच्या मोबाइलवर फिरली. नारपोलीच्या लूमवाल्यांकडे फिरली, अंजूरच्या नाक्यावर फिरली. वस्तीतल्या बायका कौतुक करून गेल्या. त्यांच्यातल्या दोघी त्याच वर्गात शिकलेल्या होत्या. त्या हसल्या आणि लवकर उठल्या. रविवारी वंदनेला कौसल्या विहारात गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

पुढच्या बुधवारी संघरत्नाबाई स्वतः घरी आल्या. चहा घेतला. पाण्याचं बोलल्या, धाकट्या नातीच्या खोकल्याचं बोलल्या. कौसल्या चुलीकडे तोंड करून भांडी लावत होती, जी लावलेलीच होती. उन्नतीला राहवलं नाही. मी आधी खरं लिहिलं होतं बाई, असं ती म्हणाली, कागदही दाखवते म्हणाली.

"असू दे गं," संघरत्नाबाई म्हणाल्या. "चांगलं लिहिलंयस. मी तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी मलाच वाटलं, मी नव्हतेच तिथं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर उन्नतीला काहीतरी म्हणता आलं असतं. त्या उठल्या, कौसल्येच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला आणि चपला घालून गेल्या. पुढच्या रविवारी ये, असं म्हणाल्या नाहीत.

शुक्रवारी, पंधरा तारखेला, उन्नती ठाण्याला गेली. प्रकाशनाचं ऑफिस लहान होतं, शांत होतं. खिडकीत तुळशीची कुंडी होती. दिशा नावाची एक मुलगी कागद तपासत होती. तिने एकेक कागद झेरॉक्सशी ताडून पाहिला, शिक्का मारला आणि मूळ कागद फाइलमध्ये घालून तिथल्या तिथे परत दिले. आम्ही ठेवून घेत नाही, असं म्हणाली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मग फॉर्मवरचं आईचं नाव वाचून ती थांबली. तिने मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि उन्नतीसमोर धरलं.

"या तुमच्या आई ना? मी रडले हो हे बघून. आमच्या मॅडमनी सगळ्यांना पाठवलंय. आईला तुम्हीच शिकवलंत?"

शेजारच्या टेबलावरच्या दोघी मान वळवून बघत होत्या. उन्नतीने फाइल छातीशी धरली होती. करारातल्या पाच वर्षांतले बारा दिवस झाले होते.

"हो," ती म्हणाली.

दिशाने तिला बसायची जागा दाखवली. टेबलावर एका नव्या बालवाचनमालेचं कोरं पान ठेवलेलं होतं. पहिला धडा मॅडमना याच गोष्टीचा हवा होता, आणि तो उन्नतीनेच लिहायचा होता.